ट्रेलरवर काढती-घालती विंच: दुसऱ्यांदा केली तेव्हा जमली

आमच्या शेडच्या वाशाला तारेने बांधलेला एक वाकडा बॉक्स पाईप लटकतोय. दीड हात लांब, मधेच मान टाकलेला. पुतण्या दोनदा तो भंगारात घालायला निघाला होता, मी घालू दिला नाही. ट्रेलरवर बसवलेल्या माझ्या पहिल्या विंचचा, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून जड माल ओढणाऱ्या यंत्राचा, तो खांब. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं त्यानेच शिकवलंय.

मी चाकणला एका कारखान्यात एकोणीस वर्षं फॅब्रिकेशनला होतो, आता संगमेश्वर तालुक्यात गावी असतो. आमची भातखाचरं तीन ठिकाणी विखुरलेली आणि पॉवर टिलर एकच. चिखलणीला टिलरला लोखंडी केज व्हील लागतात, ती घालून डांबरी रस्त्यावर जाता येत नाही. रबरी चाकं चढवा, पलीकडे नेऊन उतरवा, परत लोखंडी चढवा, यात जूनचा अर्धा दिवस जातो. म्हणून टिलर आहे तसाच मिनी ट्रॅक्टरच्या छोट्या दोनचाकी ट्रेलरवर घालायचा. चारशे किलोच्या आसपासचं धूड. चार माणसांनी फळ्यांवरून ढकलायचं, आणि लावणीच्या दिवसांत वाडीत चार मोकळी माणसं मिळणं म्हणजे लॉटरी. टिलर स्वतःच्या इंजिनावर चढवणारेही आहेत. पण केज व्हील ओल्या फळीवर घसरलं की हँडल धरणारा माणूस नेमका उताराच्या बाजूला, टिलरच्या खाली असतो. ते मला बघवत नाही.

काढती-घालती का, कायमची का नाही? ट्रेलरवर बांबू, पीव्हीसी पाईप, गवताचे भारे जातात आणि ते पुढे दांड्यावर येतात. विंच तिथे उभी राहिली तर आडवी येते. शिवाय ट्रेलर रात्री अंगणात उघडा असतो आणि विंच काही कुणाला जड नाही. पावसात गंजते ते वेगळंच.

विंच हातानेच फिरवायची घ्या, आणि ब्रेकवाली. बॅटरीवरची विंच पूर्ण जोरात शे-दीडशे अँपिअर खेचते, मिनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला दिवसातून दहा वेळा ते काम लावलं तर ती मोसम काढायची नाही. हातविंचेत दोन प्रकार येतात. साध्या रॅचेटवालीत खटका काढला की हँडल मोकळं सुटतं आणि वजनासकट गरागरा फिरतं, मनगट मोडायला तेवढं पुरतं. ब्रेकवालीत हँडल सोडलं तरी माल जागेवर थांबतो, खाली सोडतानाही हँडल उलटं फिरवूनच सोडावं लागतं. माझी १२०० पौंडांची, म्हणजे ५४५ किलोची आहे. हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा धरा. थर चढत गेले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते.

५४५ पुरते का? माझ्या ट्रेलरचा हौदा जमिनीपासून ७५ सेंमी, फळ्या आठ फुटी म्हणजे २४४ सेंमी. ७५ भागिले २४४, साधारण ०.३१. चारशे किलोला नुसता चढ चढायला सव्वाशे किलो ओढ लागते. चाकं फळीत रुततात त्याचे आणखी शंभर धरा. सव्वादोनशे. पण खांब सव्वादोनशेला बांधायचा नाही. फळीच्या टोकाला चाक अडकलं तर हँडल मारणाऱ्याला ते कळत नाही, तो मारत राहतो आणि विंच असेल नसेल ती सगळी ताकद लावते. म्हणून खांब, सॉकेट (खांब ज्यात उभा बसतो तो चासीला वेल्ड केलेला पाईप), वेल्डिंग सगळं विंचच्या पूर्ण ताकदीला.

माझं पहिल्यांदा इथेच चुकलं. खांब ५० च्या बॉक्स पाईपाचा, जाडी २.९ एमएम, आणि विंच हौद्यापासून ४५ सेंमी उंच, का तर उभ्याने फिरवायला कंबर वाकवायला लागू नये. टिलरचं एक केज व्हील फाळक्याच्या बिजागरीत अडकलं. पुतण्या म्हणाला, ‘काका, जड लागतंय.’ मी म्हटलं, ‘मार रे, येतंय.’ आलं ते टिलर नव्हे, विंच. खांब सॉकेटच्या तोंडाशी हळूच मागे झुकला, आवाजसुद्धा झाला नाही.

नंतर कागद घेऊन बसलो. वाकवणारा जोर म्हणजे ओढ गुणिले उंची. उंची ४५ वरून २८ वर आणली की तो जोर अडतीस टक्क्यांनी उतरतो. त्याच बाहेरच्या मापाचा पाईप २.९ ऐवजी ४.५ एमएम जाडीचा घेतला की वाकण्याला विरोध चाळीस टक्क्यांनी वाढतो. दोन्ही मिळून पाईपवरचा ताण निम्म्याच्याही खाली. कंबरेला होतो तो त्रास होऊ द्या.

२८ च्याही खाली का नाही? हँडलमुळे. माझ्या विंचचं हँडल २० सेंमीचं आहे, म्हणजे खालच्या फेरीत मूठ हौद्याच्या पातळीपासून जेमतेम ८ सेंमीवर येते. आणखी खाली नेलं तर बोटांची सालटी निघतात. तुमच्या विंचचं हँडल मोजा, त्यात ८ मिळवा, तेवढ्या उंचीवर ड्रमचा मध्य ठेवा. तीसच्या वर नेऊ नका.

आता सामान. सॉकेटला ६०×६० चा बॉक्स पाईप, ४ एमएम, लांबी २५० एमएम. खांबाला ५०×५०, साडेचार एमएम, लांबी ४७० एमएम. दुकानात ५० म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा साडेएकोणपन्नासचा असतो, व्हर्नियर लावून बघा. आपल्याला ते सोयीचंच आहे. ६० मधून दोन्ही बाजूंचे चार-चार गेले की आत ५२ राहतात, म्हणजे अडीच एमएम सैल. पण पाईपच्या आत लांबीभर वेल्डिंगची एक शिवण असते, ती एक-दीड एमएम उठलेली असते आणि खांब नेमका तिथे अडतो. सॉकेट उजेडाकडे धरून शिवण कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि लांब कानशीने घासून काढा. अर्धा तास जातो. हातोड्याने ठोकून खांब बसवायचा मोह होतो. बसतोही, पण परत निघत नाही.

विंचखाली ८ एमएमची प्लेट, विंचच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी. ५०×८ ची पट्टी मीटरभर. १६ एमएमची पिन, ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला आरपिन, म्हणजे तारेची चिमटापिन. गॅल्व्हनाईज्ड पाईप मात्र घेऊ नका. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. चाकणला नवीन पोरांना एकेकदा तो अनुभव यायचाच.

सॉकेट कुठे लावायचं, इथे सगळा खेळ आहे. ट्रेलरच्या चासीचं सर्वांत पुढचं आडवं चॅनेल, त्याच्या पुढच्या अंगाला, मधोमध, उभं. वरचं तोंड हौद्याच्या पातळीला. माझं चॅनेल १०० चं आहे, म्हणजे सॉकेटचा वरचा १०० एमएम चॅनेलला टेकतो आणि खालचा १५० अधांतरी लोंबतो. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, एवढं खाली कशाला, चॅनेलपुरतंच ठेवा. नको. खांबाला वरून मागे ओढ बसते तेव्हा सॉकेटचं वरचं तोंड मागे चॅनेलवर दाबलं जातं आणि खालचं टोक पुढे निसटू पाहतं, पहारीने दगड उचकटतो तसं. ५४५ किलोची ओढ, २८ सेंमी उंची, २५ सेंमीचं सॉकेट: खालचं टोक साधारण सहाशे किलोने पुढे येतं आणि वरच्या तोंडावर साडेअकराशे किलोंचा दाब पडतो. सॉकेट १०० एमएमचंच ठेवलं असतं तर खालचा आकडा दीड हजारांवर गेला असता. लांब सॉकेटाने जोर वाटला जातो.

वरच्या दाबाची काळजी नाही, मागे चॅनेल आहे. खालचं टोक बांधायला हवं. त्यासाठी ५०×८ च्या दोन पट्ट्या, सॉकेटच्या खालच्या टोकाच्या दोन्ही कुशींपासून तिरक्या मागे, चासीच्या दुसऱ्या आडव्या चॅनेलपर्यंत. त्या ताणातच राहतात, त्यामुळे पट्टी पुरते, अँगल लागत नाही. माझ्या ट्रेलरचा दांडा इंग्रजी ए-सारखा आहे, मधे जागा मोकळी. ज्यांचा दांडा मधोमध एकच चॅनेलचा आहे त्यांनी सॉकेट त्या दांड्याच्या कुशीला चिकटवावं. खालचं टोक थेट दांड्याला वेल्ड होतं आणि पट्ट्याही वाचतात. ओढ दोन इंच बाजूला सरकते, तेवढं चालतं. ट्रेलर पासिंगचा असेल तर चासीला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

आधी सगळं टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांवर, उभं करा. ट्रेलर ट्रॅक्टरपासून सोडवलेला हवा, नाहीतर वेल्डिंगचा करंट ट्रॅक्टरच्या वायरिंगमधून वाट काढतो. चॅनेलचा रंग तिथल्यापुरता ग्राइंडरने चकचकीत करा. सॉकेटमध्ये खांब घालून गुण्या लावा, दोन्ही बाजूंनी. खांब दोन-तीन एमएम पुढे, म्हणजे ट्रॅक्टरकडे, झुकलेला ठेवला तर ओढ आल्यावर सैलपणा संपून तो सरळ दिसतो. ही माझी हौस आहे, त्याने ताकदीत फरक पडत नाही.

टॅकला ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड, भरायला ७०१८, ३.१५ एमएमचा, एकशे दहा ते वीस अँपिअरवर. ७०१८ ओला चालत नाही आणि कोकणातल्या पावसाळ्यात पुडा उघडला की तो ओला झालाच म्हणून समजा. मी हे काम एप्रिलमध्ये केलं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हा रॉड धड पेटत नाही, इन्व्हर्टरवर पेटतो. तसलं मशीन नसेल तर ६०१३ नेच दोन थर द्या, स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी खपली, मात्र मधे नीट ठोकून काढा. इंच-सव्वा इंचाचा तुकडा भरा, मग समोरच्या बाजूचा, मग खालचा. एका दमात एक बाजू ओढली तर सॉकेट तिकडे खेचलं जातं. दर तुकड्यानंतर खांब आत-बाहेर करून बघा. वेल्डिंगने सॉकेटच्या भिंती आत येतात, आणि अडीच एमएमची चैन तिथेच संपते. एकदा खांब आतच राहिला होता माझा, दुपारभर निवू दिला, मग खालून लाकडाचा ठोकळा लावून घणाने काढला.

खांब किती आत जाणार ते ठरवायला काही जण खांबालाच तोंडाशी कॉलर वेल्ड करतात. ते करू नका. वाकवणारा जोर सर्वांत जास्त तिथेच असतो आणि तिथेच वेल्डिंगने पाईप तापवून ठेवायचा, हे बरं नव्हे. त्यापेक्षा सॉकेटच्या खालच्या तोंडावर २५ ची पट्टी आडवी वेल्ड करा, खांब तिच्यावर टेकतो. दोन्ही बाजूंना फट राहते, तिथून पाणी आणि चिखल खाली पडतो. खालचं तोंड पूर्ण बंद केलंत तर सॉकेट म्हणजे पाण्याचा पेला.

पिनेचं भोकही असंच विचार करून. भोक पाडलं की पाईप कमजोर होतो, म्हणून ते जोर कमी तिथे पाडायचं. जोर तोंडाशी सर्वांत जास्त आणि खाली जाताजाता शून्य, तेव्हा भोक खालून ६ सेंमीवर. आणि डाव्या-उजव्या भिंतींतून आरपार, पुढच्या-मागच्या नव्हे. वाकताना ताण पुढच्या आणि मागच्या भिंतींवर असतो, बाजूच्या भिंतींचा मध्य त्यामानाने निवांत असतो. खांब आत घालून, पट्टीवर टेकवून, सॉकेट आणि खांब एकत्रच ड्रिल करा: सेंटर पंच, मग ६ चा, मग १२ चा, मग साडेसोळाचा. वेगवेगळं ड्रिल करून भोकं जुळवतो म्हणणारे पुष्कळ भेटले, जुळलेलं अजून पाहिलं नाही. या पिनेवर विंचची ओढ येत नाही. खांब खड्ड्यात उसळून वर येऊ नये एवढंच तिचं काम. ओढ सॉकेट घेतं.

खडखड बंद करायला सॉकेटच्या पुढच्या भिंतीला वरून ३ सेंमीवर भोक पाडून बाहेरून १२ चा नट वेल्ड करा, त्यातून बोल्ट. पाना मारून हा बोल्ट आवळला की खांब मागच्या भिंतीला चिकटतो. नट वेल्ड करताना आत जुना बोल्ट घालून ठेवा म्हणजे आट्यांत ठिणग्या उडत नाहीत.

खांबावर प्लेट: चारी बाजूंनी वेल्ड, पुढे-मागे ६ एमएमचे दोन त्रिकोणी तुकडे. विंच तीन बोल्टांवर बसते, १० चे, डोक्यावर ८.८ लिहिलेले, नायलॉक नट लावून. बोल्ट लावण्याआधी विंच नुसती ठेवून हँडल पूर्ण फिरवून बघा. माझं दुसरं फजितीचं प्रकरण इथलं. सगळं तयार, रेडऑक्साईडचा पहिला हातसुद्धा वाळला, आणि हँडल पुढच्या फाळक्यावर आपटायला लागलं. अर्धाच फेरा. माझा पुढचा फाळका नशिबाने चार पिनांवरचा होता, आता विंच लावायची तेव्हा तो काढून बाजूला ठेवतो. तुमचा वेल्ड केलेला असेल तर वरचा अर्धा कापून बिजागरीवर घ्या, आणि हे मापं काढतानाच ठरवा.

दोर ५ एमएमचा वायर रोप. हुकाच्या टोकाला गाठ मारायची नाही. थिंबल, म्हणजे दोराच्या फाशात बसणारी लोखंडी खोबण, घालून वळवा आणि तीन क्लिप लावा. क्लिपचा यू तोकड्या, कापलेल्या टोकावर आणि खाचेची बाजू ओढ घेणाऱ्या दोरावर. उलटी लावली तर यू ओढीच्या दोरालाच चावतो. पहिल्यांदा वजन ओढून झालं की क्लिप परत आवळा, दोर दबून बारीक झालेला असतो. दोर किती लांब हवा ते असं बघा: टिलर फळ्यांच्या खाली उभा असतानाही ड्रमवर चार वेढे राहायला हवेत. दोराचं टोक ड्रमला धरणाऱ्या खिळीवर दोर कधी लोंबू देऊ नका, ती धरण्यापुरती असते, ओढण्यापुरती नाही.

चढवताना सगळ्यात आधी घोडी. दोनचाकी ट्रेलरच्या शेपटीवर चारशे किलो आले की दांडा वर उठतो. ट्रॅक्टरला जोडलेला असला तरी छोटा ट्रॅक्टर मागून उचलल्यासारखा हलका होतो. शेपटीखाली दोन्ही कोपऱ्यांना लाकडाचे ओंडके किंवा घोड्या टेकवा, मगच फळ्या लावा. ट्रॅक्टर जोडलेला, गिअरमध्ये, ब्रेक ओढलेला. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी. जांभ्याचा तुकडा उटीला घेऊ नका, ऐन वेळी फुटतो. लाकडाची पाचर करून ठेवा.

हुक टिलरच्या पुढच्या फ्रेमला, हेडलाईटच्या किंवा बंपरच्या पत्र्याला नव्हे. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका. दोर तुटला तर त्याचा फटका ते पोतं खातं. हँडल मारणाऱ्याने दांड्याच्या बाजूला उभं राहायचं, दोराच्या रेषेत कुणीच नाही, टिलरच्या मागे तर अजिबात नाही. टिलर हाताने वळवायचा असेल तर विंच थांबवा, ब्रेक धरलेला बघा, मग बाजूने जा. हँडल मारताना टकटक आवाज येत राहायला हवा. तो बंद झाला तर ब्रेकचा खटका बसत नाहीये, तिथेच थांबा. आणि विंचला तेल घालताना गिअरला ग्रीस, बुशला तेल, पण ब्रेकच्या चकत्यांना थेंबही नाही. तिथे तेल गेलं की ब्रेक म्हणजे नुसती शोभा.

हँडल दोन हातांनीही जड लागायला लागलं तर जोर लावू नका, कप्पी लावा. कप्पी टिलरच्या हुकात अडकवा, दोर तिच्यातून फिरवून टोक परत ट्रेलरच्या चासीला बांधा. विंचला निम्मीच ओढ पडते, फेरे मात्र दुप्पट. टोक चासीलाच बांधायचं, खांबाला नाही. खांबाला बांधलंत तर सगळा भार परत त्याच्यावर, आणि माझ्या वाशाला लटकलेल्याला जोडीदार मिळेल.

पहिली परीक्षा मी टिलरवर घेतली नाही. सपाटीवर आंब्याच्या खोडाला दोर बांधला, ट्रेलरच्या चाकांना उटी लावली आणि हँडल दोन हातांनी फिरेल तितकं मारलं. पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग खांब काढून सॉकेटच्या तोंडाशी जिथे बसतो तिथे सरळ पट्टी लावून बघितला, खालच्या पट्ट्यांच्या वेल्डला टॉर्च मारला. रंगाला तडा गेला असेल तर खाली लोखंड हललंय असं समजा. नव्हतं गेलं. त्यानंतरच रेडऑक्साईडवर काळा रंग दिला.

आता तीन मोसम झाले. जूनमध्ये मी आणि पुतण्या, दोघंच, वीस मिनिटांत टिलर वर घेतो, त्यातली दहा घोड्या नि उट्यांत जातात. चिखलणी संपली की विंच माळ्यावर, दोर उलगडून पुसून तेलाच्या फडक्याने परत गुंडाळलेला. सॉकेटच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या बाटलीचा बूड कापून टोपी घालतो आणि खालून जाळीचा तुकडा. नाहीतर दिवाळीपर्यंत कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि खांब अर्ध्यात अडकतो.